सी मधला ‘चार’ आणि डेअरीची पावती: पीसीवरून रास्पबेरी पायवर जाताना ठेवलेल्या नोंदी

काम असं: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं संकलन सॉफ्टवेअर सी भाषेत लिहिलेलं आहे. वजनकाटा आणि फॅट मशीन सिरीयल पोर्टवर जोडलेली, सभासदांची नावं काही मराठीत, काही कन्नडमध्ये, पावती ज्याच्या त्याच्या लिपीत. आजवर हे सगळं इंटेलच्या पीसीवर, लिनक्सखाली बिनतक्रार चाललं. पण पावसाळ्यात लाइट गेली की यूपीएस सकाळची पाळी संपेपर्यंत तग धरत नाही. म्हणून तोच प्रोग्रॅम रास्पबेरी पाय ४ या एआरएम चिपच्या छोट्या संगणकावर न्यायचा ठरला. तो ५ व्होल्ट, ३ अँपिअरवर चालतो, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीला कन्व्हर्टर लावला की पाळी निघते.

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यात असे जुने सी प्रोग्रॅम काट्यांवर आणि डेअऱ्यांवर बरेच आहेत. ते हलवणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. कोडचे शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप ‘चार’ म्हणजे एक अक्षर किंवा लहान आकडा ठेवायचा सी मधला १ बाइटचा प्रकार: चिन्हासकट असेल तर −१२८ ते १२७, बिनचिन्हाचा असेल तर ० ते २५५. पूर्णांक ‘चार’ आणि हा टाइप ‘चार’ यांत घोळ नको म्हणून संख्या शक्यतो अंकांत दिली आहे.

९ जून

पायवर ६४ बिट रास्पबेरी पाय ओएस टाकली. सोर्स जसाच्या तसा कंपाइल झाला, एकही वॉर्निंग नाही. मेकफाइलमध्ये वॉर्निंगचे पर्यायच नव्हते, त्यामुळे या शांततेला काही किंमत नाही.

प्रोग्रॅम सुरू केला की ‘दरपत्रक वाचत आहे’ एवढं दाखवून थांबतो. टॉप या प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडमध्ये पाहिलं तर एक कोर १०० टक्के व्यस्त. जीडीबी हा डीबगर लावून थांबवलं, तर दरपत्रकाच्या ओळी मोजणाऱ्या लूपमध्ये अडकलेला:

चार सी;
व्हाइल ((सी = गेटसी(फाइल)) != ईओएफ) ...

गेटसी फाइलमधला पुढचा बाइट वाचून इंट, म्हणजे मोठा पूर्णांक, परत देतं. फाइल संपली की ईओएफ ही खूण, म्हणजे जीलिबसीमध्ये (लिनक्सवरची सी ची लायब्ररी) −१. ते −१ चारमध्ये कोंबलं की उरतो २५५ हा बाइट. पीसीवर चार चिन्हासकट असतो, त्यामुळे तुलनेच्या वेळी त्याचा परत −१ होतो आणि लूप सुटतो. एआरएम लिनक्सवर चार बिनचिन्हाचा, म्हणून तो २५५ च राहतो. २५५ कधीच −१ होत नाही, लूप कधीच सुटत नाही.

खात्री कशी करायची: लिमिट्स हेडर घेऊन चार_मिन छापा. पीसीवर −१२८ येतं, पायवर ०. सी च्या मानकाप्रमाणे साधा चार, साइन्ड चार आणि अनसाइन्ड चार हे ३ वेगळे टाइप आहेत. साधा चार यातल्या कोणासारखा वागेल ते त्या त्या कंपायलरवर सोडलेलं आहे. पीसी चूक आणि पाय बरोबर, किंवा उलट, असं काही नाही. मात्र ‘एआरएम म्हणजे बिनचिन्ह’ हेही पाठ करून ठेवू नये. ॲपलच्या एआरएम मशीनवर आणि विंडोजच्या एआरएम आवृत्तीवर चार चिन्हासकटच आहे. लिनक्सवर पॉवरपीसी आणि रिस्क-व्ही हे एआरएमसारखे बिनचिन्ह. ठरवतो तो प्लॅटफॉर्मचा एबीआय (कंपाइल झालेल्या कोडने पाळायचे नियम), नुसती चिप नव्हे.

दुरुस्ती: सी या व्हेरिएबलचा टाइप इंट केला.

याच ओळीत पीसीवरही दोष होताच. फाइलमध्ये २५५ हा बाइट आला असता तर पीसीवर वाचन तिथेच संपलं असतं, पुढचं दरपत्रक गायब. आजवर ते दिसलं नाही कारण फाइल यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर बाइटांत मांडायची पद्धत) मध्ये आहे आणि यूटीएफ-८ मध्ये २५५ हा बाइट कधीच येत नाही. जुन्या फॉन्टच्या, म्हणजे युनिकोडपूर्व ८ बिट मजकुराच्या फाइली ज्यांच्याकडे अजून आहेत, त्यांना ही हमी नाही.

१० जून

सुरू झालं. पण १० दिवसांचं बिल काढायला सांगितलं की ‘बाकी नोंदी नाहीत’.

संकलनाच्या नोंदी बायनरी स्ट्रक्चरमध्ये आहेत आणि फाइल पीसीवरून उचलून आणलेली. त्यामुळे पहिला संशय एंडियनवर (आकड्यातल्या बाइटांचा क्रम) आणि स्ट्रक्चरच्या पॅडिंगवर (फील्डांमधली रिकामी जागा). सबंध सकाळ त्यात गेली. साइझऑफ छापून पाहिलं, प्रत्येक फील्डचा ऑफसेट पाहिला, दोन्हीकडे तंतोतंत सारखे. इंटेल ६४ बिट आणि ६४ बिट एआरएम लिनक्स दोन्ही लिटल एंडियन आहेत, त्यामुळे या जोडीत संशयाचं पहिलं ठिकाण ते नसावं.

खरं कारण: स्ट्रक्चरमध्ये ‘चार बिल_स्थिती’ आहे. ० म्हणजे बिल निघालं, −१ म्हणजे निघायचं आहे. पायवर ‘बिल_स्थिती == −१’ ही अट कधीच खरी होत नाही. ‘-ओ२’ हा वेग वाढवणारा पर्याय लावून कंपाइल केलं तर कंपायलर ती अख्खी शाखाच काढून टाकतो. जीडीबीत त्या आतल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावायला गेलं की तो दुसऱ्याच ओळीवर जाऊन बसत होता. ब्रेकपॉइंट असा सरकला तर त्या अटीतले टाइप आधी तपासावेत, पुष्कळ वेळ वाचतो.

दुरुस्ती: फील्डचा टाइप ‘इंट८_टी’, म्हणजे नेहमी चिन्हासकट १ बाइट. फाइलमधला बाइट तोच राहतो, म्हणून जुना डेटा बदलावा लागला नाही. फाइलमध्ये किंवा तारेवर जाणाऱ्या कुठल्याही स्ट्रक्चरमध्ये आकडा ठेवायला साधा चार वापरूच नये, असं आमचं ठाम मत आहे. १ बाइटच हवा असेल तर इंट८_टी किंवा यूइंट८_टी आहेतच.

१२ जून

पावती. इंग्रजीत टाइप केलेली नावं नीट उमटतात. मराठी नावांचे रकाने वाकडे होतात, कन्नड नावांच्या जागी चौकोन येतात. हे दोन वेगळे दोष निघाले, दोन्ही एकाच मुळाचे.

आधी बाइट पाहू. देवनागरी अक्षरं यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटची: पहिला २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा १२८ ते १९१ मधला. कन्नडचीही ३ बाइटची: २२४, मग १७८ किंवा १७९, मग तिसरा. म्हणजे ‘मारुती’ या नावात म, काना, र, उकार, त, ईकार मिळून १८ बाइट, आणि त्यातला एकूण एक बाइट १२७ च्या वर. पीसीवर चिन्हासकट चारमध्ये हे सगळे ऋण दिसतात: २२४ चा −३२, १६४ चा −९२, १७८ चा −७८. इंग्रजी मजकुरात एकही बाइट १२७ च्या वर जात नाही, म्हणून इंग्रजी डेटावर केलेल्या चाचणीत यातला एकही दोष सापडणार नाही. आपल्याकडे मात्र नावाचा प्रत्येक बाइट यात सापडतो. चिन्हाचा हा दोष पुस्तकात कोपऱ्यातला म्हणून येतो, बेळगाव भागातल्या डेटावर तो पहिल्याच पावतीत येतो.

रकान्यांचा दोष: कुठल्या बाइटपासून किती बाइटचं अक्षर सुरू होतं याचा २५६ नोंदींचा तक्ता आहे. मूळ लेखकाला पीसीवर ऋण इंडेक्स आला असणार, म्हणून त्याने तक्ताच १२८ घरं सरकवला आणि ‘तक्ता[सी + १२८]’ असं लिहिलं. पीसीवर −३२ + १२८ = ९६, बरोबर घर. पायवर २२४ + १२८ = ३५२, तक्त्याच्या पार बाहेर. ए साठी दोन्हीकडे ६५ + १२८ = १९३, म्हणून इंग्रजी नावं सुखरूप.

हा प्रकार शोधायला सर्वांत त्रासदायक. ‘-डब्ल्यूचार-सबस्क्रिप्ट्स’ ही वॉर्निंग इंडेक्सचा टाइप चार असेल तेव्हाच बोलते. इथे १२८ मिळवल्याबरोबर तो इंट झाला, म्हणून कंपायलर गप्प. प्रोग्रॅम कोसळतही नाही, शेजारच्या मेमरीत जे पडलंय ते वाचून पुढे जातो. ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस’, म्हणजे हद्दीबाहेरचं वाचन पकडणारा सॅनिटायझर, लावून पायवर चालवलं तेव्हा पहिल्याच मराठी नावावर नेमकी ओळ दाखवली.

दुरुस्ती: तक्ता सरळ ० ते २५५ लावला आणि इंडेक्स ‘तक्ता[(अनसाइन्ड चार)सी]’.

चौकोनांचा दोष: लिपी ओळखून फॉन्ट निवडणाऱ्या फंक्शनात ‘सी == −३२ आणि पुढचा == −७८ किंवा −७७ असेल तर कन्नड’ अशी अट. पीसीवर चालते, पायवर कधीच नाही. घाईत कोणी −३२ च्या जागी २२४ लिहील, तर पायवर चालेल आणि पीसीवर बंद पडेल. दोन्हीकडे चालणारे मार्ग दोन. एक, तुलनेआधी अनसाइन्ड चारमध्ये कास्ट करून (त्या टाइपमध्ये बदलून) २२४ शी ताडणे. दुसरा, एकेरी अवतरणात बॅकस्लॅश-एक्स लावून लिहिलेल्या अक्षराशी ताडणे. त्या अक्षराची किंमतही चारच्या चिन्हाप्रमाणेच ठरते, म्हणून दोन्ही बाजू एकत्र बदलतात. आम्ही पहिला घेतला, कारण वाचणाऱ्याला आकडा सरळ दिसतो.

१४ जून

सगळ्यांच्या मनात येतो तो सोपा उपाय: पायवर ‘-एफसाइन्ड-चार’ लावा, पीसीसारखं वागेल, विषय संपला. करून पाहिलं. वरचे दोष मूळ कोडवरही गायब झाले.

आणि कागद संपल्याची सूचना बंद पडली. थर्मल प्रिंटरची लायब्ररी एआरएमसाठी आधीच कंपाइल होऊन आलेली, तिचा सोर्स आपल्याकडे नाही. तिच्या हेडरमधल्या स्टेटस स्ट्रक्चरमध्ये ‘चार’ फील्ड आहे आणि त्याचा सर्वांत वरचा बिट म्हणजे कागद संपला. लायब्ररी १२८ लिहिते. आपली फाइल चिन्हासकट कंपाइल केल्यावर तोच बाइट −१२८ वाचला जातो आणि हेडरमधली ‘>= १२८’ ही अट खोटी ठरते. मेमरीतला बाइट एकच, त्याचा अर्थ दोन फाइलींत दोन. लिंकर यावर काही बोलत नाही, कारण टाइपचं नाव दोन्हीकडे ‘चार’च.

लिनक्स कर्नलने स्वतःपुरता हा प्रश्न २०२३ मध्ये आलेल्या ६.२ आवृत्तीपासून ‘-एफअनसाइन्ड-चार’ सगळीकडे लावून मिटवला. त्यांना ते जमतं, कारण कर्नलचा सगळा कोड ते एकत्र कंपाइल करतात. आपल्यासारख्या प्रोग्रॅममध्ये बाहेरची एकही बायनरी लायब्ररी असली की हा मार्ग अर्धा बंद होतो. पर्याय काढून टाकला. कोडच असा करायचा की चिन्ह कोणतंही असो, उत्तर तेच यावं.

१६ जून

आजवरचा सर्वांत गंभीर दोष. हा पैशाचा आहे.

फॅट मशीनची दुरुस्ती, म्हणजे कॅलिब्रेशनचा फरक, शतांशात ‘चार’मध्ये ठेवलेली. सध्याची दुरुस्ती −३, म्हणजे ०.०३ वजा. गाईच्या दुधाचा नमुना ३.८० आला. पीसीवर ३८० − ३ = ३७७, पावती ३.७७. पायवर −३ चा २५३ झाला: ३८० + २५३ = ६३३, पावती ६.३३.

प्रोग्रॅममध्ये फॅटची मर्यादा तपासणी आहे, पण ती २.० ते १२.० अशी, गाय आणि म्हैस दोन्हींसाठी एकच. ६.३३ हे म्हशीच्या दुधाला साजेसं, म्हणून तपासणीतून निमूटपणे पार झालं. दर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घनघटक) यांच्या तक्त्यावरून ठरतो. म्हणजे गाईच्या प्रत्येक नमुन्याला म्हशीच्या फॅटचा भाव लागला असता. चाचणीतच सापडलं, कोणाच्या खात्यावर गेलं नाही.

दुरुस्त्या दोन. कॅलिब्रेशनचा टाइप इंट, कारण तो एकच आकडा आहे आणि तिथे बाइट वाचवून काही मिळत नाही. आणि मर्यादा तपासणी दुधाच्या प्रकाराप्रमाणे वेगळी केली. दुसरी दुरुस्ती चारशी संबंधित नाही, पण ती नसती तर असा दोष पुन्हा असाच लपला असता.

या जागी कुठलीही वॉर्निंग येत नाही, सॅनिटायझरही बोलत नाही. बेरीज कायदेशीर, आकडा मर्यादेत. अशा जागा फक्त दोन उत्तरं शेजारी ठेवून ताडल्यावरच सापडतात.

१९ जून

सभासद क्रमांक विसरला तर नावावरून शोधायची सोय आहे. पायवर काही नावं सापडतात, काही नाहीत, आणि न सापडणारं नाव यादीत डोळ्यांना दिसतं.

नावांची अनुक्रमणिका फाइल पीसीवर लावलेली, शोध बायनरी सर्चने, म्हणजे लावलेली यादी दर वेळी अर्धी करत. तुलना करणारं फंक्शन हाताने लिहिलेलं, बाइटांची सरळ वजाबाकी: ‘*अ − *ब’.

‘मारुती’ आणि ‘मारुतीराव’ घ्या. पहिले १८ बाइट सारखे. मग ‘मारुती’त शेवटचा ०, ‘मारुतीराव’मध्ये र चा पहिला बाइट २२४. पीसीवर तो −३२, शून्याहून लहान, म्हणून ‘मारुतीराव’ आधी आणि ‘मारुती’ नंतर. पायवर २२४ शून्याहून मोठा, म्हणून उलटा क्रम. पीसीने लावलेल्या यादीत पायचा शोध चुकीच्या अर्ध्यात वळतो. वाटेत अशी जोडी आडवी आली तर नाव हरवतं, नाही आली तर सापडतं. म्हणून ‘काही सापडतात’.

दोन्ही बाइट १२७ च्या वर असतील तर क्रम दोन्हीकडे सारखाच येतो, कारण सगळे ऋण झाले तरी आपापसातला क्रम टिकतो. देवनागरी आधी, कन्नड नंतर, हे दोन्ही मशीनवर कायम. घोळ होतो तो फक्त वरचा बाइट आणि खालचा बाइट समोरासमोर आले की: शब्दाचा शेवट, मधली जागा, टिंब, इंग्रजी अक्षर. नाव आणि आडनावात जागा असतेच, त्यामुळे ‘फक्त मराठी नावं आहेत, आपल्याला काय फरक पडतो’ असं म्हणून सुटका नाही.

दुरुस्ती: हाताने लिहिलेलं फंक्शन काढलं, सी च्या लायब्ररीतलं स्ट्रसीएमपी घातलं. मानकाप्रमाणे स्ट्रसीएमपी बाइट अनसाइन्ड चार समजूनच ताडतं, कुठल्याही मशीनवर. मग अनुक्रमणिका नव्याने बांधली आणि फाइलच्या सुरुवातीला आवृत्तीचा आकडा टाकला. जुनी फाइल दिसली की प्रोग्रॅम ती वाचण्याऐवजी पुन्हा बांधतो. फक्त फंक्शन बदलून जुनी फाइल तशीच ठेवली तर पीसीवरही शोध बिघडेल, हे लक्षात ठेवावं.

लिनक्सच्या एक्स्ट३ फाइलसिस्टिमलाही हाच प्रश्न आला होता. डिरेक्टरीतल्या नावांचा हॅश (शोधासाठी नावावरून काढलेला आकडा) चारच्या चिन्हावर अवलंबून होता, म्हणून एका प्रकारच्या मशीनवर बनवलेली डिस्क दुसरीकडे लावली की १२७ वरच्या बाइटांची नावं शोधात हुकायची. शेवटी हॅश कोणत्या चिन्हाने केला त्याची खूण सुपरब्लॉकमध्ये (फाइलसिस्टिमची मूळ माहिती असते तिथे) ठेवावी लागली. डिस्कवर गेलेला क्रम किंवा हॅश हा फाइल फॉरमॅटचाच भाग असतो, म्हणून तो बदलताना आवृत्तीही बदलावी लागते.

२१ जून

उलट दिशेचा दोष. नव्या फॅट मशीनचा कोड पायवरच लिहिला, पायवर चोख. तोच पीसीवर लावला तर फॅट −०.६२.

मशीन फॅट २ बाइटमध्ये पाठवतं, वरचा आधी. ४.५० म्हणजे ४५०, म्हणजे १ आणि १९४. कोड: ‘(वरचा << ८) | खालचा’, बफर साध्या चारचा. पीसीवर १९४ चा −६२ होतो. इंटमध्ये रुंद होताना त्याचे वरचे सगळे बिट १ होतात आणि ऑर करताना वरचा बाइट गिळला जातो. उरतो −६२.

खालचा बाइट १२७ पर्यंत असेल तोवर सगळं ठीक दिसतं. हिशेब मांडला तर: २.५६ ते ३.८३ बरोबर, ३.८४ ते ५.११ चूक, ५.१२ ते ६.३९ बरोबर, ६.४० ते ७.६७ चूक. गाईचे ३.५ आणि ३.७ चे नमुने घेऊन कोणी पास म्हणेल आणि म्हशीच्या ६.८ ला अडकेल. नमुने निवडताना १२७ आणि १२८ च्या दोन्ही बाजूंचे मुद्दाम घ्यावेत, इथे ३.८३ आणि ३.८४.

फ्रेमचा, म्हणजे मशीनने एका वेळी पाठवलेल्या बाइटांचा, चेकसम (तपासणीची बेरीज) मात्र दोन्ही मशीनवर जुळत होता. ८ बिटांत केलेल्या बेरजेला चिन्हाने फरक पडत नाही, खालचे ८ बिट तेच येतात. त्यामुळे ‘चेकसम जुळतो, म्हणजे बाइट नीट वाचले’ हा निष्कर्ष चुकीचा. चेकसम तारेची ग्वाही देतो, टाइपची नाही. बेरीज १६ बिटांत ठेवणारं मशीन असेल तर चेकसमही बिघडेल.

बफर यूइंट८_टी चा केला आणि विषय मिटला.

तपासताना फ्रेम हेक्समध्ये छापली तेव्हा आणखी एक सापडलं. पायवर ‘ई०’ असं २ अक्षरी यायचं, पीसीवर ‘एफएफएफएफएफएफई०’ असं ८ अक्षरी. स्क्रीनवर हे फक्त कुरूप दिसतं, पण लॉगच्या कोडमध्ये तेच स्प्रिंटएफने ३ बाइटच्या जागेत लिहिलं जात होतं. २ अंक आणि शेवटचा शून्य एवढी जागा, लिहिले जातात ९ बाइट. शेजारच्या व्हेरिएबलवर सरळ अतिक्रमण. कास्ट घातला, स्प्रिंटएफच्या जागी एसएनप्रिंटएफ केलं.

२४ जून

इथून पुढे पायवर जाऊन दोष शोधणं बंद. पीसीवरच एकाच सोर्सचे दोन बिल्ड काढायचे: एक ‘-एफसाइन्ड-चार’ने, दुसरा ‘-एफअनसाइन्ड-चार’ने. हे चाचणीपुरतं, प्रिंटरच्या लायब्ररीऐवजी पावती फाइलमध्ये लिहिणारा पर्याय जोडून. दोघांना एकच इनपुट द्यायचं आणि पावत्या, बिलं, अनुक्रमणिका डिफने (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) ताडायच्या. एक बाइटही वेगळा आला तर चाचणी नापास. मेकफाइलमध्ये एक टार्गेट आणि दोन ओळींची शेल स्क्रिप्ट, एवढंच लागतं. हार्डवेअरचा खर्च शून्य.

हे पहिल्या दिवशी केलं तर मधले बहुतेक सगळे दोष एका बैठकीत समोर येतात. मूळ, न दुरुस्त केलेल्या सोर्सवर चालवून पाहिलं: दरपत्रकाचं अडकणं, बिल, रकाने, चौकोन, फॅटची दुरुस्ती, नावांचा क्रम, सगळं डिफमध्ये किंवा अडकलेल्या प्रोसेसमध्ये दिसलं.

वॉर्निंगही दोन्ही बिल्डवर लावाव्यात: ‘-डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा’. एक्स्ट्रामध्ये ‘-डब्ल्यूटाइप-लिमिट्स’ येते. ‘चार == −१’ वर ती फक्त बिनचिन्ह बिल्डमध्ये बोलते, ‘चार == २२४’ वर फक्त चिन्हासकट बिल्डमध्ये. एकाच बाजूने कंपाइल केलं तर निम्म्या वॉर्निंग कधीच दिसत नाहीत.

चाचणीच्या नावांच्या फाइलमध्ये काय असावं: निव्वळ इंग्रजी, निव्वळ मराठी, निव्वळ कन्नड, एकाच नावात दोन लिप्या, एक नाव दुसऱ्याची सुरुवात असलेली जोडी, आद्याक्षरांत टिंब असलेलं नाव, शेवटच्या ओळीला एंटर नसलेली फाइल, रिकामी फाइल, आणि एक फाइल जिच्यात २५५ हा बाइट मुद्दाम घातलेला.

२७ जून

उरलेली साफसफाई. सोर्समधला प्रत्येक ‘चार’ ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) काढून तीन प्रकारांत वाटला. मजकूर असेल तर चारच ठेवायचा. तारेवरचे किंवा फाइलमधले कच्चे बाइट असतील तर यूइंट८_टी. लहान आकडा असेल तर इंट, स्ट्रक्चरमध्ये जागा मोजकी असेल तर इंट८_टी.

मजकूरही अनसाइन्ड चार करून टाकावा असा मोह होतो. केला तर स्ट्रलेन, स्ट्रसीएमपी, एफपुट्स अशा प्रत्येक कॉलवर ‘-डब्ल्यूपॉइंटर-साइन’ ओरडते. मग ती गप्प करायला जागोजागी कास्ट घालावे लागतात आणि त्या गर्दीत खरी वॉर्निंग बुडते. मजकूर चारच ठेवून, बाइटची किंमत वापरायची त्या ठिकाणीच कास्ट घालणं जास्त स्वच्छ.

अक्षराचा प्रकार सांगणाऱ्या इझस्पेस, इझअल्फा या कुटुंबाला द्यायची किंमत ० ते २५५ किंवा ईओएफ एवढीच असावी, नाहीतर वर्तन अनिश्चित. जीलिबसीचे तक्ते −१२८ पासून सुरू होतात म्हणून आपल्या पीसीवर काही फुटलं नाही. ती त्या लायब्ररीची सोय, भाषेची हमी नव्हे. न्यूलिब या दुसऱ्या सी लायब्ररीमध्ये हे मॅक्रो मुद्दाम असे लिहिले आहेत की चार दिला तर वॉर्निंग यावी. जीलिबसीमध्ये आतच इंटचा कास्ट असल्याने ती येत नाही, म्हणून हे कॉल हातानेच शोधावे लागले.

कास्ट कोणता, यालाही महत्त्व आहे. ‘(इंट)सी’ने काहीच होत नाही, −३२ तो −३२ च. ‘(अनसाइन्ड इंट)सी’ने ४२९४९६७२६४ होतं, आधीपेक्षा वाईट. हवा तो ‘(अनसाइन्ड चार)सी’च, त्यानेच २२४ मिळतं. सोर्समध्ये काही ठिकाणी मधला कास्ट सापडला, तो बदलला.

१ ते १० जुलै

एक पूर्ण बिल कालावधी पीसी आणि पाय दोन्ही शेजारी चालवले. वजनकाट्याच्या आणि फॅट मशीनच्या तारा एकाच वेळी दोघांना वाचता याव्यात म्हणून फक्त मशीनकडून येणारी तार आणि ग्राउंड दुसऱ्या यूएसबी-सिरीयल केबलला जोडली. पाठवण्याची तार पीसीकडेच ठेवली, नाहीतर दोघं एकमेकांवर बोलतात. सभासद क्रमांक मात्र सचिवांना दोन्हीकडे टाकावा लागला, सकाळच्या गर्दीत हा जाच मोठा होता. पुढच्या ठिकाणी एकच कीबोर्ड दोघांना पुरवायची सोय आधी करावी.

१० तारखेला दोन्ही बिलं काढून डिफ केला. तफावत फक्त पावतीवरच्या वेळेच्या सेकंदांत, रकमा आणि नावं जशीच्या तशी.

राहिलेलं काम: दुसऱ्या संस्थेकडे हाच प्रोग्रॅम ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या छोट्या डिस्प्लेला फॅट दाखवतो. तिथेही चार बिनचिन्हाचा आहे. डिस्प्लेचा कोड अजून दोन बिल्डच्या चाचणीत घेतलेला नाही. त्याआधी त्यातली स्ट्रक्चर्स यूइंट८_टी वर न्यायची आहेत, मग तोही त्याच मेक टार्गेटखाली येईल.